वेगळं गाणं पाठवताना कान कुठे लावायचा तेही पाठवा

प्रश्न थोडक्यात असा: "बराच शोध घेतल्यावर मला जगभरचं वेगळं, फारसं कुणी न ऐकलेलं संगीत सापडतं. संगीताचं वेड असलेल्या मित्रांच्या गटात मी लिंक टाकतो. एखाद-दोन अंगठे येतात, पण ऐकतं कुणीच नाही. पाठवावं कसं? आणि आणखी असं संगीत शोधावं कुठे?"

ऐकणाऱ्यांचे असे गट मी बरीच वर्षं चालवतो आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

संगीत अवघड आहे म्हणून लोक ऐकत नाहीत, असं फार क्वचित होतं. ऐकताना धरायचं कशाला, हे त्यांना कळत नाही. तुम्ही ते गाणं पाच-सात वेळा ऐकलेलं असतं, पुढे काय येणार हे तुमच्या कानाला ठाऊक झालेलं असतं. समोरचा मात्र अनोळखी भाषा, अनोळखी वाद्यं आणि अनोळखी लय यांच्यात एकदम जाऊन पडतो आणि अर्ध्या मिनिटात बाहेर येतो. त्याला दोन ओळींत एक धागा हातात द्या. "अप्रतिम", "जरूर ऐका", "अंगावर काटा आला" यांतून धागा मिळत नाही. तुमच्या अंगावर काटा आला ही तुमची गोष्ट झाली; त्याच्या अंगावर तो यावा यासाठी त्याने कान कुठे लावायचा ते सांगायला हवं.

उदाहरण घ्या. तुवा हा सायबेरियाच्या दक्षिणेचा, मंगोलियाला लागून असलेला प्रदेश. तिथल्या खोमेई गायनात एकच माणूस एकाच वेळी दोन स्वर काढतो. एवढंच सांगून लिंक पाठवली तर लोक चमत्कार म्हणून थोडं ऐकतात आणि सोडून देतात. मी असं लिहितो: "आधी फक्त खालचा घरघरता स्वर ऐका. तो जागचा हलत नाही. तो कानात बसला की त्याच्या बऱ्याच वर शिट्टीसारखा बारीक आवाज फिरताना ऐकू येईल. खरी धून ती आहे." आपल्या ऐकणाऱ्यांसाठी आणखी एक ओळ जोडतो. कुठल्याही गायलेल्या स्वरात मूळ कंपनसंख्येच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वर असतातच. खोमेई गाणारा जीभ, ओठ आणि घसा यांचा आकार बदलून त्यातला हवा तो उपस्वर मोठा करतो. चांगल्या जुळलेल्या तानपुऱ्याच्या खर्जात ज्याने आपोआप उमटणारा गंधार ऐकला आहे, त्याला हे एका झटक्यात कळतं. एकदा कळलं की तो स्वतःहून हून-हूर-तू या तुवाच्या गटाचे अल्बम शोधायला लागतो. मग तुम्हाला काही करावं लागत नाही.

म्हणजे समोरच्याच्या कानात आधीपासून काय आहे ते ओळखायचं आणि नव्या गोष्टीचा दोर तिथे बांधायचा. इथिओपियात तिझिता नावाचा एक स्वरसमूह आहे आणि त्याचं एक रूप सा रे ग प ध असं आहे. भूप रागाचेच पाच स्वर. राग ऐकणाऱ्या माणसाला हे सांगितलं की तो मुलातू अस्तातके या इथिओपियाच्या जॅझ संगीतकाराचं संगीत वेगळ्या उत्सुकतेने ऐकतो, पुढे तिझिताची बाकीची रूपंही ऐकतो. पण इथे सांभाळून लिहावं. "हा तर आपला भूपच!" असं मी कधी लिहीत नाही. स्वर तेच असले तरी चलन म्हणजे स्वरांची चाल वेगळी, न्यासाच्या म्हणजे थांबण्याच्या जागा वेगळ्या, स्वरावर जाण्याची रीत वेगळी. त्या वेगळेपणासाठीच तर ते ऐकायचं. "पाच स्वर तुमच्या ओळखीचे आहेत, आता ते कुठे थांबतात बघा" एवढं पुरतं.

"ऐका किती विचित्र आहे!" हे वाक्यही टाळा. तुम्हाला जे अनोळखी वाटतं ते कुणाच्या तरी घरचं, अंगणातलं गाणं असतं. विचित्र म्हणून पाठवलेलं माणूस विचित्र म्हणूनच ऐकतो, आणि गंमत संपली की विसरतो. त्यापेक्षा ते कोण गातं, कोणत्या प्रसंगी गातं, हे सांगा. मध्य आफ्रिकेतल्या अका लोकांचं समूहगान घ्या. त्यात कुणी एक मुख्य गायक आणि बाकीचे साथीला अशी मांडणी नसते. प्रत्येक आवाज आपला तुकडा घेऊन फिरत असतो, हवं तेव्हा त्यात बदल करतो, आणि सगळं मिळून एक दाट जाळं होतं. इतकं सांगितलं की ऐकणारा एक आवाज पकडतो, सुटला की दुसरा पकडतो. पाच मिनिटं कशी गेली ते कळत नाही.

किती पाठवावं? एक. याबाबत मी हट्टी आहे. चाळीस गाण्यांची प्लेलिस्ट पाठवणं म्हणजे निवडीचं काम समोरच्यावर ढकलणं. १९७७ साली नासाच्या व्हॉयेजर यानांबरोबर जी सोनेरी तबकडी अवकाशात पाठवली, तिच्यात सगळ्या पृथ्वीचं मिळून २७ रचनांचं संगीत आहे. आपल्या अख्ख्या परंपरेच्या वाट्याला त्यातली एक जागा आली: केसरबाई केरकरांची भैरवी, 'जात कहाँ हो', जेमतेम साडेतीन मिनिटांची. ती सुचवली रॉबर्ट ब्राउन या संगीत-अभ्यासकाने, ज्याने हे संगीत मुळातून ऐकलं होतं. भारतीय संगीत म्हणजे एवढंच का, असा वाद कुणीही घालू शकतो. पण ती साडेतीन मिनिटं ऐकून बघा. आवाजाचा भरीवपणा, सुरावरची पक्की बैठक आणि एका दमात घेतलेली तान, एवढ्याशा जागेत सगळं आलेलं आहे. निवड करणाऱ्याने अशी जबाबदारी घ्यायची असते.

त्याच तबकडीवर जॉर्जिया देशातलं 'चाक्रुलो' हे गाणं आहे. त्यासाठी मी लिहिलेला निरोप जसाच्या तसा देतो, कारण नमुना समोर असला की पुढचं सोपं होतं: "जॉर्जियातल्या काखेती भागात मेजवानीच्या वेळी पुरुष गातात ते हे गाणं. विषय लढाईच्या तयारीचा. वाद्य एकही नाही. खाली सगळा समूह एक स्वर लांबवून धरतो आणि त्यावर दोन एकल आवाज आळीपाळीने फिरतात. पहिल्यांदा फक्त खालचा स्वर ऐका, तो मध्येच जागा बदलतो. ती जागा बदलताना वर काय होतं ते पाहा. दुसऱ्यांदा ऐकाल तेव्हा वरच्या आवाजांच्या मागे जा." हेडफोन लावून ऐकण्याची विनंती. बस. इतिहास, समूहाचं नाव, आणखी काय ऐकावं, हे सगळं कुणी विचारल्यावर सांगायचं. विचारतात.

आता गोष्टींबद्दल. प्रत्येक दुर्मिळ रेकॉर्डबरोबर एक कहाणी येते आणि ती पाठवायचा मोह होतो. कहाणी खरी असेल तर जरूर पाठवा, पण ती तपासून घ्या. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे वादक. १९८२ साली त्यांनी रोलँड कंपनीची तीन इलेक्ट्रॉनिक वाद्ययंत्रं घेऊन, म्हणजे टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८, भैरवी, ललत, तोडी, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. तेव्हा फारसं कुणी लक्ष दिलं नाही. २०१० मध्ये अल्बम पुन्हा निघाला आणि जगभरचे ऐकणारे चकित झाले, कारण शिकागोत 'अ‍ॅसिड हाउस' म्हणून जे इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत उभं राहिलं त्याच्याशी हा आवाज विलक्षण जुळतो, आणि तिथली फ्यूचर या गटाची या शैलीतली पहिली मानली जाणारी रेकॉर्ड १९८७ ची. इथवर सगळं ठीक. पण यावरून "अ‍ॅसिड हाउसचा शोध भारतात लागला" असे निरोप फिरतात. शिकागोच्या तरुणांनी हा अल्बम ऐकल्याचा काही पुरावा नाही. एकच यंत्र दोन ठिकाणी, दोन वेगळ्या हेतूंनी हाताळलं गेलं आणि आवाज सारखा निघाला, यामागचं कारण जास्त रंजक आहे: टीबी-३०३ चा स्वर एकातून दुसऱ्यात घसरत जाऊ शकतो. बास गिटारची नक्कल म्हणून बनवलेल्या यंत्रात चरणजित सिंगांना मींड सापडली. हे सांगितलं की ऐकणारा ती मींड शोधतो. नुसता अभिमान फुगवला की "वा!" म्हणतो आणि ऐकत नाही.

यापुढचा मुद्दा मला सगळ्यात जिव्हाळ्याचा आहे. पाठवलेल्या गाण्याबरोबर त्याची ओळख गेली पाहिजे. कोण गातंय, कोण वाजवतंय, रचना कुणाची, साल कुठलं, ध्वनिमुद्रण कुणाचं, कोणत्या कंपनीने काढलं. लोकांना हे कंटाळवाणं वाटतं. पण या माहितीवाचून गाणी हरवतात, अगदी शब्दशः. उत्तर जर्मनीत १९८० च्या दशकात एका तरुणाने रेडिओवरून कॅसेटवर गाणी उतरवून घेतली. गाणं स्वच्छ यावं म्हणून निवेदकाचं बोलणं त्याने गाळलं, आणि त्या बोलण्याबरोबर एका गाण्याचं नावगावच गेलं. २००७ मध्ये ते इंटरनेटवर आलं आणि जगभरचे हजारो लोक त्याच्या मागे लागले. गाणं ओळखलं गेलं नोव्हेंबर २०२४ मध्ये: कील शहरातला फेक्स नावाचा बँड. दोन वाक्यं राखली असती तर सतरा वर्षांचा शोध वाचला असता.

याच्या उलट टोकाला गायिका गौहर जान. १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गेसबर्गने कलकत्त्यात त्यांचं ध्वनिमुद्रण केलं. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत हानोव्हरला. तिथल्या कामगारांना कुठली तबकडी कुणाची हे कळावं म्हणून गाणं संपताच त्या स्वतःच्या आवाजात सांगायच्या, "माय नेम इज गौहर जान". आज ते ऐकताना मौज वाटते, पण त्या एका वाक्याने गाणं आणि गाणारी यांना कायमचं बांधून ठेवलं. तुम्ही पाठवत असलेल्या लिंकखालच्या दोन ओळी तेच काम करत असतात.

चुकीची ओळख तर हरवलेल्या ओळखीहून वाईट, कारण ती दुरुस्त करायला कुणी निघतच नाही. 'डोंट वरी, बी हॅपी' हे बॉबी मॅकफेरिनचं १९८८ चं गाणं. पण फायलींची देवाणघेवाण सुरू झाल्यापासून ते बॉब मार्लीच्या नावावर फिरतं आहे. मार्ली वारले १९८१ मध्ये. आपल्याकडच्या जुन्या मैफिलींच्या ध्वनिफितींचंही तेच: रागाचं नाव चुकलेलं, साल अंदाजाने टाकलेलं, आणि तबला-हार्मोनियमवाल्यांची नावं तर हमखास गळालेली. साथीदाराचं नाव टाकण्याचा नियम आमच्या गटात पहिल्यापासून आहे. माहीत नसेल तर "तबला: नाव मिळालं नाही" असं लिहायचं. जागा रिकामी दिसली की कुणीतरी ती भरतं. पुष्कळदा असा माणूस सापडतो जो त्या मैफिलीला प्रत्यक्ष हजर होता.

आवृत्तीही लिहावी. जॅझ वादक माइल्स डेव्हिसच्या १९५९ च्या 'काइंड ऑफ ब्लू' या अल्बमची पहिली बाजू ज्या यंत्रावर मुद्रित झाली ते किंचित हळू चालत होतं. त्यामुळे तबकडीवर त्या बाजूच्या तीनही रचना मुळापेक्षा थोड्या चढ्या सुरात आणि जलद वाजायच्या. नव्वदच्या दशकातल्या आवृत्त्यांत हे सुधारलं गेलं. तुमच्याकडे जुनी आवृत्ती असेल आणि मित्राकडे नवी, तर तुम्ही दोघं वेगवेगळ्या सुरातलं संगीत ऐकत आहात. सुरुवातीच्या तबकड्यांच्या बाबतीत हे फारच होतं, कारण वेग मिनिटाला ७८ फेऱ्यांवर पक्का ठरायच्या आधी कंपन्या आपापल्या वेगाने मुद्रण करत. काळी चार पट्टीतला आवाज काळी पाचचा वाटतो आणि त्यावरून "पूर्वीचे गवई किती चढ्या सुरात गायचे" असे निष्कर्ष निघतात. दोन आवृत्त्यांची तुलना पाठवणार असाल तर आधी दोन्हींचा आवाज एका पातळीवर आणा. जरा मोठ्याने वाजणारं कानाला आपोआप जास्त चांगलं वाटतं, आणि मग तुलना संगीताची राहत नाही.

शोधावं कुठे, याचं माझं उत्तर: प्रकारामागे जाऊ नका, माणसांमागे जा. एखादा अल्बम आवडला की त्यावरच्या बासवादकाचं नाव घ्या, आणखी कुणाबरोबर वाजवलं ते पाहा. ध्वनिमुद्रण कुणी केलं ते पाहा. सन २००० मध्ये सुरू झालेल्या डिस्कॉग्जसारख्या ध्वनिमुद्रणांच्या ऑनलाइन सूचीत एका नावावरून दुसऱ्या नावावर जात राहिलात तर एका संध्याकाळीत जिथे पोहोचाल तिथे ॲपच्या शिफारशी कधी नेणार नाहीत. त्या शिफारशी मुख्यतः तुमच्यासारखं ऐकणाऱ्या इतरांनी काय ऐकलं यावर चालतात. जे जवळपास कुणीच ऐकलेलं नाही ते त्यांतून वर येणार कसं?

कंपन्यांमागे जाणंही तितकंच फळतं. फोकवेज ही मोझेस ॲशने १९४८ मध्ये काढलेली कंपनी. १९८७ मध्ये ती स्मिथसोनियन संस्थेकडे गेली ती या बोलीवर की तिचं एकही शीर्षक बाजारातून बाद होणार नाही. तिथले अल्बम आणि त्यांच्यासोबतच्या पुस्तिका हे मोठं विद्यापीठ आहे. पुस्तिका आधी वाचा. फ्रान्सच्या रेडिओची ओकोरा, नॉनसच कंपनीची एक्सप्लोरर मालिका, आणि १९९७ पासून निघालेली 'एथिओपिक' मालिका, यांतली कुठलीही एक घेऊन संथपणे ऐकत जा. रेडिओ गार्डन या संकेतस्थळावर पृथ्वीचा गोल फिरवून कुठल्याही गावचं चालू रेडिओ केंद्र ऐकता येतं. तिथे गाण्याची ओळख पटकन मिळत नाही, म्हणून काय ऐकलं, कोणत्या केंद्रावर, किती वाजता, हे लगेच टिपून ठेवा.

सहारातल्या वाळवंटी भागात एकेकाळी लोक गाणी फोनच्या मेमरी कार्डावर ठेवायचे आणि ब्लूटूथने एकमेकांना द्यायचे. इंटरनेट नसतानाही गाणी देशोदेशी जायची. ख्रिस्तोफर कर्कली याने ती कार्डं धुंडाळून २०११ मध्ये त्यातल्या निवडक गाण्यांची तबकडी काढली. फायलींची नावं अर्धवट होती, गायक कोण ते कळत नव्हतं. त्याने गावोगाव विचारत त्या माणसांना शोधून काढलं. त्यातला एक म्हणजे नायजरचा गिटारवादक म्दू मोक्तार, जो आज जगभर कार्यक्रम करतो. गाणं सापडलं की माणूस शोधायचा, हा क्रम मला यातून पक्का झाला.

सापडल्या दिवशी पाठवू नका. नवेपणाची धुंदी दोन-तीन दिवसांत उतरते आणि मग कळतं की आपल्याला संगीत आवडलं होतं की सापडल्याचा आनंद झाला होता. उलटही घडतं. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये दाखवलं की एखादी गोष्ट वारंवार समोर आल्यानेच तिच्याबद्दल आवड वाढते. पहिल्यांदा कोरडं वाटलेलं गाणं चौथ्यांदा उघडतं. म्हणून मी प्रत्येक गोष्ट निदान तीनदा, वेगवेगळ्या वेळी ऐकून मगच पाठवतो. मित्रांनाही सांगतो की पहिल्या फेरीत मत देऊ नका.

लांब रचनांचं काय? तासाभराचा ख्याल किंवा वीस-पंचवीस मिनिटांचं गामेलान, म्हणजे इंडोनेशियातलं वाद्यवृंदाचं संगीत, पाठवताना एक ठरावीक तुकडा सांगा, मिनिट-सेकंदासह, आणि तो का निवडला तेही. लोक तुकडा ऐकतात आणि आवडला तर मागे जाऊन सुरुवात करतात. तुकडा कळसाचा घेऊ नये. कळस त्याआधीच्या चढणीवाचून मोठा वाटत नाही. मी बहुधा मध्य घेतो, जिथे लय नुकतीच बदलते.

दुसऱ्यांनी पाठवलेलं तुम्ही ऐकता का? गट मरतात ते इथे. सगळे पाठवत असतात, ऐकत कुणीच नसतं. ऐकल्याची खूण म्हणून एक नेमकी गोष्ट लिहा: "दुसऱ्या कडव्यानंतर सारंगी एकटी राहते ती जागा आवडली." आवडलं नसेल तरी कुठे सुटलात ते लिहा. मैफिलीत समेवर मिळालेली दाद आणि मैफल संपल्यावरच्या टाळ्या यांत जो फरक, तोच या एका वाक्यात आणि अंगठ्यात आहे. अशी उत्तरं तुम्ही द्यायला लागलात की महिन्या-दोन महिन्यांत तुम्हालाही ती मिळायला लागतील, आणि कुणाचा कान कुठे जातो हे कळलं की पुढचं गाणं कुणाला पाठवायचं ते आपोआप ठरतं. मी हल्ली सगळ्या गटाला फार कमी पाठवतो. एका माणसाला, त्याच्यासाठी निवडलेलं एक गाणं पाठवतो.

शेवटी, लिंक कलाकाराच्या किंवा मूळ कंपनीच्या अधिकृत पानाची द्या. ती नसेल तेव्हाच दुसरी. कलाकार हयात असेल आणि अल्बम विकत मिळत असेल तर तो कुठे मिळतो हेही त्याच निरोपात लिहा. कुणाच्या खासगी मैफिलीचं ध्वनिमुद्रण हाती आलं असेल तर गाणाऱ्याला, तो नसेल तर त्याच्या घरच्यांना विचारल्याशिवाय ते पुढे पाठवू नका. बहुतेक जण आनंदाने हो म्हणतात, आणि बरोबर साथीदारांची नावंही सांगतात.